‘आता घरातला पुरुष तूच’

मागच्या उन्हाळ्यात राजनांदगावला एका लग्नात दूरच्या एका काकांनी पंधरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, बाबू, आता घरातला पुरुष तूच, मम्मीकडे लक्ष ठेव. काकांच्या मनात वाईट काही नव्हतं. बाप सोबत नसलेल्या पोराला धीर द्यायचा तर आपल्याकडे हेच वाक्य तयार असतं. महिनाभरानं त्या मुलाची आई ब्लॉक ऑफिसातलं प्रशिक्षण आटोपून रात्री आठला घरी पोचली. मुलानं दार उघडलं आणि उंबऱ्यातच विचारलं, “इतनी देर कहाँ थी?”

मार्क घसरले, मोबाइल हातातून सुटत नाही, उलट बोलतो, जेवताना ताट सरकवतो, हे सगळं ताईंनी नंतर सांगितलं. आधी सांगितला तो हा प्रश्न. त्या स्वतः शिक्षिका आहेत. पंधरा-सोळा वर्षांत शेकडो पोरांचं उलट बोलणं त्यांनी पचवलंय. पण हे उलट बोलणं नव्हतं. मुलगा रागावलेलाही नव्हता. तो ड्यूटीवर होता.

ताई रायपूरच्या समता कॉलोनीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. वस्ती व्यापाऱ्यांची, कोचिंगला जाणाऱ्या पोरांची, बऱ्यापैकी खात्यापित्या घरांची. नाव समता. ज्यांनी ठेवलं त्यांच्या मनात बाबासाहेबांचं 1928 सालचं ‘समता’ पाक्षिक नक्कीच नसणार, पण आपल्या माणसाला ते आठवल्याशिवाय राहत नाही. घर शोधताना आधी आडनाव विचारलं गेलं, मग साहेब काय करतात ते. दुसऱ्या प्रश्नाला ताईंनी खोटं उत्तर दिलं, बाहेरगावी नोकरीला असतात म्हणून. मुलगा शेजारी उभा होता. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, आणि आईचं खोटं सांभाळायचं काम त्याला त्याच दिवशी लागलं.

हे लिहितोय ते ताईंचं दुःख सांगून हळहळायला नाही. आपल्यातल्या कित्येकांना अशाच एखाद्या आईनं वाढवलंय. कुणाचा बाप दारूनं गेला, कुणाचा दुसऱ्या घरी गेला, कुणाचा कारखान्यात गेला. त्या आईनं अंगणवाडीत, शाळेत, दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात, शिलाई मशीनवर काम करून आपल्याला पदवीपर्यंत पोचवलं. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेनं 2019 मध्ये दिलेल्या अंदाजानुसार भारतात दर शंभरातली साडेचार घरं, म्हणजे सुमारे 1 कोटी 30 लाख घरं, एकल आया चालवतात. मंचावर आपण या आयांचे उपकार मानतो, पण त्यांच्या घरात चौदा ते अठरा या वयात नेमकं काय होतं, त्यावर बोलायचं टाळतो. कारण त्यातले मुलगे आपणच होतो.

ताईंच्या दिवसाचा हिशेब साधा आहे. सकाळी साडेआठला त्या अभनपूरच्या बाजूच्या सरकारी शाळेत जायला निघतात, संध्याकाळी सहाच्या आसपास परततात. त्या शिक्षाकर्मी म्हणून लागल्या होत्या. महाराष्ट्रात ज्याला शिक्षणसेवक म्हणतात त्याच्या आसपासचं, पण त्याहून लांबलेलं प्रकरण. शिकवायचं नियमित शिक्षकाइतकंच, पगार मात्र पंचायतीच्या हिशेबानं आणि तोही वेळेवर नाही. 1 जुलै 2018 पासून आठ वर्षं सेवा झालेल्या शिक्षाकर्मींचं शिक्षण विभागात संविलियन झालं, त्यात त्या आल्या आणि घर जरा सरळ झालं. पण शिकवण्याखेरीजची कामं गेली नाहीत. मतदार यादी, सर्वेक्षण, प्रशिक्षण, माध्यान्ह भोजनाचा हिशेब. मुलगा दोन-अडीचला घरी येतो. ती पोचेपर्यंत साडेतीन तास घरात तो, मोबाइल आणि कुकरमधला भात. संध्याकाळी सहानंतर त्या शिकवणी घेतात, त्यामुळे आई घरात असते तेव्हाही ती दुसऱ्यांच्या मुलांची असते.

वर सगळ्यांचं एक ठरलेलं वाक्य: स्वतः मास्तरीण, आणि पोरगा असा. डॉक्टरच्या मुलाला ताप आला तर कुणी डॉक्टरला नावं ठेवत नाही. शिक्षिकेचा मुलगा नापास झाला की तिच्या पदवीपासून तिच्या नवऱ्यापर्यंत सगळं तपासलं जातं. एकल असेल तर ‘बापाचा धाक नाही’ हे निदान तयारच असतं. धाक हा जणू बापाच्या बनियनसोबत खुंटीवर टांगलेला असतो आणि त्यानं घर सोडताना तोही पिशवीत घालून नेला.

आता त्या काकांच्या वाक्याकडे परत येऊ. 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. तिच्यात बाईवर तीन पहारेकरी नेमले आहेत: आधी बाप, मग नवरा, शेवटी मुलगा. आपण दरवर्षी तो दिवस पाळतो, फोटो टाकतो. आणि नवरा निघून गेला की दुसऱ्या पहारेकऱ्याची जागा रिकामी राहू नये म्हणून तिसऱ्याला लवकर कामावर बोलावतो. पंधरा वर्षांचं पोर, ज्याला स्वतःचा डबा धुवायची सवय नाही, त्याला आईच्या येण्याजाण्याचा हिशेब ठेवायला सांगतो. हे काम त्याला सवर्णांनी दिलेलं नाही. आपल्याच लग्नात, निळ्या मंडपाखाली, पंचशील झाल्यावर दिलंय. ब्राह्मणी पितृसत्ता म्हणजे फक्त ब्राह्मणाच्या घरातली गोष्ट, असं ज्याला वाटतं त्यानं अशा मंडपात एकदा कोपऱ्यात बसून ऐकावं.

आणि या नेमणुकीनं मुलाचंही नुकसान होतं, हे कुणी बघत नाही. पहारेकरी होण्याची अट अशी की रडायचं नाही, बापाची आठवण आली तरी काढायची नाही, भीती वाटली तरी सांगायची नाही. या मुलाला शाळेत पालकसभेच्या दिवशी पोट दुखतं. वर्गात कुणी आडनावावरून बोललं तर तो घरी सांगत नाही, कारण मम्मीला आधीच खूप टेन्शन आहे. आई मराठीत बोलते, हा हिंदीत उत्तर देतो, अधूनमधून छत्तीसगढी. मराठी ही त्याला आजोळची, लग्नकार्याची, म्हणजे उपदेशाची भाषा वाटते. ते प्रेमानं कुणी बोललं तरी त्याला त्यात फर्मानच ऐकू येतं. मग तो गच्चीवर जातो, तिथं दोन मोठी मुलं असतात, एकाकडे बाइक असते. पुरुष कसं व्हायचं याचं शिक्षण त्याला तिथं फुकट मिळतं.

ताईंनी एक गोष्ट स्वतःहून सांगितली, ती इथं लिहायलाच हवी. त्या म्हणाल्या की काकांनी ते वाक्य बोललं खरं, पण सुरुवात माझ्याकडूनच झाली होती. नवरा गेल्यावर रात्री जागून पैशांचा हिशेब त्या मुलापुढे मांडत, दुसरं होतंच कोण ऐकायला. घरमालकाशी बोलायचं तर त्याला पुढे करत. त्याच्या बापाला निरोप द्यायचा तर त्याच्याच फोनवरून. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला त्यांनी नकळत नवऱ्याच्या जागी बसवलं आणि पंधराव्या वर्षी तो त्या जागेचे अधिकार मागायला लागला. इतकं सरळ बोलणारी माणसं कमी भेटतात.

अशा वेळी आपल्याकडे सावित्रीबाईंचं नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे. पण घेतात कुठल्या सावित्रीबाईंचं? शेण झेलत शाळेत जाणाऱ्या तरुण शिक्षिकेचं. 3 जानेवारीला मुलींना नऊवारी नेसवून पाटी हातात देतो तीच. एकोणसाठाव्या वर्षी विधवा झालेली, घरात पैशांची ओढाताण असलेली, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची आई असलेली सावित्रीबाई आपल्या कॅलेंडरवर नाही.

यशवंतची गोष्ट पहिल्यापासून एकल आईचीच गोष्ट आहे. जोतीराव-सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल मारू नये, यासाठी. तिथं काशीबाई नावाच्या विधवेला झालेला मुलगा फुले दांपत्यानं दत्तक घेतला. जिला मुलाच्या बापाचं नाव सांगता येत नव्हतं अशा बाईचं ते मूल. जात पाहिली नाही, बाप पाहिला नाही. आज दीडशे वर्षांनी तहसीलच्या खिडकीवर हीच दोन गोष्टी सगळ्यात आधी विचारतात.

जोतीरावांनी 1887 मध्ये मृत्युपत्र केलं तेव्हा यशवंत तेरा-चौदा वर्षांचा होता. ते मृत्युपत्र वाचताना आजच्या आईबापाला जरा झोंबेल. यशवंतनं शिकावं, वळण चांगलं ठेवावं. तो नालायक निघाला तर त्याच्या जागी माळी, कुणबी, धनगर अशा शूद्र जातींतला एखादा हुशार, लायक मुलगा घ्यावा, अशी त्यात तरतूद होती. तेरा वर्षांच्या पोरावर अशी अट ठेवणं मला कठोर वाटतं, जोतीरावांनी ठेवली तरी. पण त्यातली दिशा बघा. आईवर देखरेख करायला मुलगा नेमलेला नाही. वारस ठरायची कसोटी मुलालाच लावलेली होती.

28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेच्या पुढे टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला, कारण ज्याच्या हातात टिटवं तो वारस, आणि यशवंत दत्तक. सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवं स्वतः धरलं. हा प्रसंग आपण बंडखोरीचा म्हणून सांगतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तिथं एक कोवळा मुलगा उभा होता, ज्याच्या जन्मावरून भर गर्दीत भांडण चाललं होतं. आईनं त्याला पुढे ढकललं नाही, ‘तूच आता पुरुष’ म्हणाली नाही. त्याच्यावरचा भार तिनं स्वतःच्या हातात घेतला.

त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत त्यांनी सत्यशोधक समाजाचं काम चालवलं, 1893 च्या सासवडच्या परिषदेचं अध्यक्षपद भूषवलं, आणि यशवंत डॉक्टर झाला. हे एकट्या आईच्या हिमतीवर झालं असं म्हणणं खोटं आहे. जोतीराव आजारी असतानाच मामा परमानंदांनी सयाजीराव गायकवाडांना या घराला मदत करा म्हणून पत्र लिहिलं होतं. चळवळीतल्या माणसांना या घराची चूल दिसत होती. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ मायलेकांनी मिळून दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथं आणलं, आणि त्यातच प्लेग होऊन 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. तो दवाखाना मला पहाऱ्याच्या उलट वाटतो. मुलगा आईवर नजर ठेवत नव्हता, दोघं एका कामात होती.

ताईंच्या घरात सध्या असं एकत्र काम एकच आहे, आणि ते कागदाचं.

मुलगा दहावीत आहे, पुढे प्रवेशासाठी जातीचं प्रमाणपत्र लागेल. ताईंकडे स्वतःचं छत्तीसगढचं अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र आहे. त्यांचे आजोबा भंडाऱ्याहून राजनांदगावच्या कापड गिरणीत आले, 1950 च्या बरेच आधी, आणि शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात त्यांच्या वडिलांचं नाव जातीसह सापडलं. मुलाच्या बापाचं घराणंही भंडाऱ्याचंच, जातही तीच. पण ते भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहताना आले. कारखान्याचं काम 1955 नंतरचं. छत्तीसगढमध्ये अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्रासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वी पूर्वज या भागात राहत होते याचा पुरावा मागतात. चॉइस सेंटरवरच्या मुलानं वंशावळीचा कागद पुढे सरकवला. त्यात मुलगा, मुलाचा बाप, बापाचा बाप. आईसाठी त्या झाडाला फांदी नाही.

या तारखेत एक गंमत आहे, कडू गंमत. 10 ऑगस्ट 1950 ला भंडारा आणि रायपूर एकाच राज्यात होते. त्या राज्याचं नाव मध्य प्रदेश आणि राजधानी नागपूर. 14 ऑक्टोबर 1956 ला रायपूरहून, राजनांदगावहून जी माणसं दीक्षेला नागपूरला गेली ती परराज्यात गेली नव्हती, आपल्या राजधानीत गेली होती. अठरा दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, राज्यांची फेररचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर भोपाळच्या मध्य प्रदेशात राहिलं आणि 2000 साली छत्तीसगढमध्ये आलं. माणूस हलला तो एकाच राज्याच्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्याकडे. रेषा नंतर आली आणि नातू बाहेरचा ठरला. स्थलांतरितांना दुसऱ्या राज्यात राज्याच्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1990 चा निकाल आहे. मेडिकल प्रवेशाच्या त्या खटल्याचं नाव ‘मर्री चंद्रशेखर राव’. त्याच वर्षी बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा परत मिळाला. एक दार उघडलं, एकावर कुलूप लागलं.

शब्दांचीही अडचण असते. महारा, महरा असं लिहिलेलं असेल तर छत्तीसगढच्या यादीत ते बसत नव्हतं. 2023 मध्ये संसदेनं दुरुस्ती करून मेहरा, महार, मेहर यांच्यासोबत हे शब्द घातले. एका कान्यानं किती पोरांच्या सीटा गेल्या असतील.

ताईंचं म्हणणं साधं आहे: मुलगा माझ्याकडे वाढला, माझ्या आडनावाच्या वस्तीत, माझ्या नातेवाइकांत वाढला, शाळेत चिडवला गेला तो माझ्यासोबत राहताना. मग कागद माझ्या बाजूचा का चालत नाही? कायदा या प्रश्नाकडे हळूहळू सरकतोय. रमेशभाई नाइका प्रकरणात 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आंतरजातीय लग्नातल्या मुलाची जात बापाचीच धरायची हा ठाम नियम नाही, मूल कुणाकडे वाढलं, त्यानं काय भोगलं हे पुरावा म्हणून पाहावं लागेल. 2025 मध्ये दिल्लीतल्या एका एकल आईच्या याचिकेनं मुलाला आईच्या जातीवरून ओबीसी प्रमाणपत्र मिळावं का, हा प्रश्न त्याच न्यायालयापुढे नेला. ताईंचं प्रकरण या दोन्हींसारखं तंतोतंत नाही, कारण इथं जात एकच आहे, अडलंय ते गाव आणि साल. पण मूळ तेच आहे: झाड बापाचं.

बाकीच्या कागदांवर बरंच बदललंय, आणि हे तुमच्यापैकी ज्यांना माहीत नाही त्यांनी आपल्या आईला, मावशीला, शेजारणीला सांगावं. बौद्धांनाही लागू असलेला 1956 चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप, ‘त्याच्यानंतर’ आई असं म्हणतो. 1999 मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ‘त्याच्यानंतर’चा अर्थ ‘तो मेल्यावरच’ असा नाही, तो जबाबदारी घेत नसेल तरीही आई पालक, असा लावला. पासपोर्टला डिसेंबर 2016 पासून आईबापांपैकी एकाचं नाव पुरतं. पॅनकार्डला आई एकल असेल तर 5 डिसेंबर 2018 पासून बापाचं नाव सक्तीचं नाही. महाराष्ट्रात 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बापाच्या आधी येतं. हे सगळं आहे. तरीही खिडकीवरचा माणूस ‘फादर का आधार लाओ’ म्हणतो, आणि त्या खिडकीमागे आता कधी कधी आपलाच पहिल्या पिढीतला पदवीधर बसलेला असतो. त्याला नियम माहीत असतो, पण वाद नको असतो.

बापाच्या कागदावर मुलाची जात ठरवण्याचा खेळ कुठवर जातो हे आपण हैदराबादला पाहिलं. राधिका वेमुला यांनी नवऱ्यापासून वेगळं राहून शिलाई करून तीन मुलं वाढवली. 17 जानेवारी 2016 ला रोहित गेला. त्याच्यावर काय अन्याय झाला याची चौकशी व्हायची, तर आधी चौकशी झाली ती तो दलित होता का याची, आणि उत्तर शोधलं ते ज्या बापानं त्याला वाढवलंच नाही त्याच्या जातीत. राधिकांना स्वतःच्या आईची, जन्माची, लग्नाची कहाणी सरकारी माणसांपुढे पुन्हा पुन्हा सांगावी लागली. त्याच वर्षी 14 एप्रिलला मुंबईत त्यांनी धाकट्या मुलासह बौद्ध धम्म स्वीकारला. 2024 च्या मे महिन्यात तेलंगण पोलिसांचा अहवाल आला तेव्हाही मुद्दा तोच, प्रमाणपत्र खरं की खोटं. मेलेल्या मुलाची आईसुद्धा बापाच्या रकान्यातून सुटली नाही.

मग करायचं काय, असं ताईंना कुणी विचारलं तर त्या भाषण करत नाहीत. त्यांना महिन्यातून दोन रविवार हवेत. कुणीतरी मोठा मुलगा, मामा, दादा, ज्याची नोकरी लागलीय, ज्याला गणित येतं, त्यानं यावं, मुलाला नालंदा परिसरला घेऊन जावं. रायपूरमधलं हे चोवीस तास उघडं असणारं वाचनालय 2018 पासून सुरू आहे, पण पहिल्यांदा तिथं कुणी सोबत नेलं तरच असं पोर आत शिरतं. त्याच्याशी अभ्यासाचं बोलावं, नाहीतर क्रिकेटचं बोलावं. त्याच्या बापाबद्दल त्याला बोलायचं असेल तर आईला कमीपणा न देता ऐकावं. शिकवणीचे पैसे त्या देतील म्हणाल्या. हे ऐकताना मला लाज वाटली, कारण रायपूर-भिलाईत आपल्या समाजाचे इंजिनियर, बँकवाले, प्राध्यापक कमी नाहीत आणि जयंतीच्या वर्गणीची पावती घेऊन त्यांच्या दारात दरवर्षी चार मंडळं जातात.

मुलग्यांसाठी आपल्याकडे मिरवणूक आहे, डीजे आहे, क्रिकेटची टूर्नामेंट आहे. चौदा-पंधराच्या मुलाला आपल्या शरीराबद्दल, मुलीच्या नकाराबद्दल, रागाबद्दल, वर्गात जात काढली तर काय करायचं याबद्दल बोलता येईल अशी जागा नाही. विहारात लहान मुलांना वंदना शिकवतात, मोठ्यांना स्पर्धा परीक्षेचं मार्गदर्शन असतं, मधल्या वयाचं पोर बाहेर चपलांजवळ मोबाइलवर असतं. त्याला आत बोलवायचं तर खुर्च्या उचलायला बोलावतात. खुर्च्या उचलू दे, हरकत नाही. पण पुरुषांनी भाजी चिरताना, भांडी घासताना त्यानं कधी पाहिलंय का? भोजनदानात वाढणारे पुरुष असतात, खरकटं काढणाऱ्या बाया. पहारेकऱ्याचं काम मुलाच्या हातून काढून घ्यायचं तर दुसरं काम द्यावं लागेल, आणि ते आधी मोठ्यांनी हातात घेतलेलं त्याला दिसावं लागेल.

उंबऱ्यातल्या त्या प्रश्नाला ताईंनी त्या रात्री उत्तर दिलं नाही. सरळ आत गेल्या, आंघोळ केली, मग त्याला समोर बसवून सांगितलं की उशीर होणार असेल तर मी फोन करीन, तूही करायचास, दोघांना एकच नियम. विचारायचं असेल तर भूक लागली म्हणून विचार, काळजी वाटली म्हणून विचार. कुठं होतीस हा प्रश्न या घरात चालणार नाही. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्या घरी पोचल्या तेव्हा कुकर लावलेला होता, भातात पाणी जास्त झालं होतं. दोघांनी तोच खाल्ला. पुढच्या आठवड्यात परत भांडण झालं, मोबाइलवरून, आणि या वेळी ताईच ओरडल्या, इतक्या की खालच्या घरमालकीणबाई वर आल्या.

दरम्यान त्यांनी काकांना फोन करून सांगितलं की पुन्हा माझ्या मुलाला असं बोलू नका. काकांना राग आला. दोन महिने फोन बंद होता. मग त्यांनीच केला, भंडाऱ्याच्या जुन्या घराचे काही कागद पेटीत निघाले म्हणून. मुलाच्या पणजोबांचं नाव त्यात आहे, पण गाव वैनगंगेच्या त्या बाजूचं, म्हणजे आजच्या महाराष्ट्रातलं. इथं चालेल की नाही ते कुणालाच सांगता येत नाही.

मंगळवारी तहसीलला जायचंय. ताईंना अर्ध्या दिवसाची रजा मिळालीय. अर्ज हिंदीत लिहायचा आहे आणि मुलाचं हिंदी आईपेक्षा चांगलं, म्हणून मसुदा त्यानं केलाय. वंशावळीच्या कागदावर आईचं नाव लिहायला जागा नव्हती. त्यानं पेन्सिलीनं बाजूला एक रेघ ओढून ते लिहिलंय, त्याखाली आजीचं, त्याखाली राजनांदगावच्या पणजोबांचं. ताईंनी विचारलं, हे चालतं का असं? तो म्हणाला, “पूछ लेंगे.”